डोंगराकडची खिडकी

एसटीत चढल्यावर माणसं दरीकडची खिडकी शोधतात. वारा लागतो, लांबवर खाडी दिसते, मुलं खूश राहतात. गंगारामतात्या कायम डोंगराकडची खिडकी धरायचे. बोर्ली पंचतनहून म्हसळ्याच्या दिशेनं गाडी घाटाला लागली की त्या खिडकीतून दिसतं काय, तर हातभर अंतरावर कापलेला डोंगर, लाल माती, लोंबणारी मुळं आणि खाली रस्त्याकडेचं गटार. तात्या ते गटार बघत जायचे. मध्येच "अरारा" म्हणायचे. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. विचारलं, "काय झालं?"

"मोरीच्या तोंडात फांदी आडकलीय. दोन दिस तरी झालं आसतील. कोन बगत न्हाय."

"तुम्ही रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, तात्या."

"मी झालो. पानी झालंय का?"

तात्या मैलकुली होते. म्हणजे रस्त्याचा ठरावीक तुकडा ज्याच्या अंगावर टाकलेला असतो तो सरकारी कामगार. कुदळ, फावडं, घमेलं आणि एक कोयती एवढ्या सामानावर त्यांनी एकतीस वर्षं घाटातल्या दोन किलोमीटरची निगा राखली. त्या दोन किलोमीटरांत अकरा मोऱ्या होत्या, रस्त्याखालून पाणी पलीकडे काढणाऱ्या. प्रत्येकीला त्यांनी नाव दिलेलं होतं. एक 'रडकी', ती डिसेंबरपर्यंत ठिबकायची. एक 'बहिरी', तिच्यात कितीही पाणी आलं तरी आवाज यायचा नाही. आणि एक 'सासू'. तिचं नाव असं का, हे मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वरनं शांत. आत सगळं साठवून ठेवते. आनि एक दिवस सगळं एकदम काढते." हे ऐकून आतून शांताकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, ओरडल्या, "माझ्या सासूचं नाव घेऊ नका, ती बिचारी गेली!"

एकतीस वर्षांत त्यांच्या दोन किलोमीटरांत दरडीनं गाडी अडली नाही. हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. पण दुसऱ्या कोणी सांगितलं की खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती सारखी करायचे. तो अंगठा त्यांचं खरं हत्यार होता. कुठल्याही गटारावरून, नालीवरून, मोरीवरून जाताना त्यात पान, कागद, काडी काही दिसलं की चप्पल काढून अंगठ्यानं ते बाहेर ओढायचे आणि पुढे चालू लागायचे. भाचीच्या लग्नात हात धुवायच्या जागेचं पाणी तुंबलं, तर हे पंगतीतून उठून तिकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पानावर मांजर होती. शांताकाकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्यांचं माझ्याशी लगीन नावाला. खरं लगीन गटाराशी."

गावातल्या बुद्धविहाराभोवतीचा चरही त्यांनीच खणलेला. गावात सगळ्यात कोरडी भिंत त्या विहाराची आहे. हे मी माझ्या यंत्रानं तपासलेलं नाही, हात लावून सांगतो आहे.

मी मोजणी खात्यात आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजतो. चार वर्षांपूर्वी बोर्लीजवळच्या या गावात जुनं कौलारू घर घेतलं. ते आम्हाला परवडलं याचं कारण एकच होतं, त्याचा परस उतरता होता. घर वर रस्त्याला, आणि मागे सरळ उतार. चाळीस फुटांत चौदा फूट. रुंदी बत्तीस. त्यावर घाणेरी, काटे आणि सुटे धोंडे. उताराच्या तळाशी माझी हद्द, हद्दीपासून सहा फुटांवर तात्यांच्या स्वयंपाकघराची मागची भिंत.

घर घेतल्यावर पहिल्याच रविवारी मी टेप घेऊन खाली उतरलो आणि हद्दीचा जुना दगड शोधू लागलो. खालच्या पडवीत एक काळासावळा, काटक म्हातारा कपाळावर हात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "काय सापडत न्हाय का?"

"माझी हद्द बघतोय," मी म्हणालो.

"आं? हरवली व्हती?"

मी हसलो नाही. आता हसू येतं, तेव्हा आलं नाही. मी दगड शोधला, माती काढली, दोन कोपऱ्यांत नवे दगड पुरून त्यांना पांढरा रंग दिला. तात्यांना बोलावून दाखवलं की इथून वर माझं आणि इथून खाली तुमचं, पुढे कटकट नको. त्यांनी मान डोलावली. "बरं केलंत, मोजणीवाले," ते म्हणाले. तेव्हापासून मी 'मोजणीवाले'. साहेब म्हणू नका असं मी सांगितलं होतं, त्यावर त्यांनी काढलेला हा मार्ग.

परसाचं काय करायचं यावर आमच्या घरात वर्षभर चर्चा चालली. बायकोला, सुनंदाला, परसबाग हवी होती. वांगी, मिरच्या, हळद, दोन केळी, एक सोनचाफा. हाताशी साठ हजार होते. गवंड्यानं सिमेंटच्या भिंतीचा अंदाज दिला तो त्याच्या चौपट. मी कागदावर निरनिराळ्या तऱ्हेनं आकडे मांडून बघितले, कुठूनही साठात बसेना. तो कागद घेऊन मी एका संध्याकाळी खाली तात्यांकडे गेलो. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

"ह्याच्यात पानी कुठं हाय?"

"पाणी?"

"भिंत लिवलीय, माती लिवलीय, मजूर लिवलाय. चार महिने जो वरनं येनार, त्याचं काय लिवलंय?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला आले. ठरलेली मजुरी घेतली, एक दिवसही जास्त लावला नाही. आणखी दोन मजूर होते, पण काम त्यांच्या नजरेनं चाललं. विकत काही आणायचं नाही हा त्यांचा पहिला नियम. उतारावरचे धोंडे गोळा करून त्यांचेच तीन गडगे रचले, सिमेंट न लावता, नुसत्या दगडावर दगड. प्रत्येक गडगा डोंगराकडे थोडा कललेला, मागे नारळाची सोडणं आणि फुटकी कौलं भरलेली. गडग्यांच्या वर तीन टप्पे. एकदा हातात घेतलेला दगड ते खाली टाकत नसत. फिरवून फिरवून त्याची जागा शोधायचेच. मी म्हणालो, "दुसरा घ्या ना, वेळ जातोय." ते म्हणाले, "ह्याला उचलला म्हनजे ह्याला शब्द दिला."

दुसरा नियम उताराचा. टप्पा डोळ्याला सपाट दिसला पाहिजे, पण दहा फुटांत एक इंच बाजूला झुकला पाहिजे, म्हणजे पडलेलं पाणी बाजूच्या चराकडे चालत जाईल. "पळत न्हाय, चालत." तो चर वरपासून खालपर्यंत, दोन फूट रुंद, दगडांनी बांधलेला, आणि पार खालच्या रस्त्याच्या नालीपर्यंत नेलेला. दोन फूट मला जास्त वाटले होते. बत्तीसातले दोन गेले. ते म्हणाले, "दोन फूट पान्याला द्या. न्हाय दिलंत तर ते आपल्या मनानं घेईल." मी दिले. गवंड्याच्या पारदर्शक नळीत पाणी भरून मी प्रत्येक टप्प्याचा तो एक इंच तीन तीनदा तपासला. सगळीकडे बरोबर होता. हे तपासताना तात्या विडी ओढत बसले होते. म्हणाले, "पास झालो का?"

त्या कामातली एक दुपार मला नीट सांगितली पाहिजे.

मधला टप्पा चालू होता. आम्ही दोघं अर्ध्या गडग्यावर बसून भाकरी खात होतो. समोर खाली भाताची खाचरं दिसत होती, उन्हाळ्यातली, भेगाळलेली. त्यातल्या एका बांधाकडे बोट दाखवून तात्या म्हणाले, "तो बगा. तो आमच्या आबाच्या हातचा."

त्यांचे वडील खंडानं अर्धा एकर करायचे. वरचं खाचर गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचं. तात्या आठ वर्षांचे असतील. लावणी झाली होती आणि पाऊस थांबेना. वरच्या खाचराचा बांध फुगून खाली यायच्या बेतात आला. तो फुटला असता तर खालची सगळी लावणी वाहून गेली असती. वडिलांनी कुदळ घेऊन त्या बांधाला कडेला हातभर तोंड पाडलं. पाणी निवांत ओढ्याला गेलं. दोघांचीही शेतं वाचली.

"मग?"

"मंग काय. दुसऱ्याचा बांध फोडला." तात्या भाकरीकडे बघत म्हणाले. "चार मानसं जमली. बोलली, वाचलं का बुडलं ते आमी बगू, तू हात कसा लावलास. आबाला त्या खाचराचे चारी बांध नव्यानं घालायला लावलं. नुसतं तोंड न्हाय हां, चारी. तीन दिस. मी चिखल द्यायचो, तो लावायचा. लोक बांधावर हुभे. दुसऱ्या साली अर्धा एकर पन काढून घेतला. मेला तेव्हा मला बोलला, गंग्या, पोटाला मिळंल न मिळंल, दुसऱ्याच्या बांधाला हात लावायचा न्हाय."

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो.

"व्हय, जुनी. म्हनून तर बांध आजून हाय." आणि हसले.

मी 'हं' म्हटलं आणि हात झटकून पुढचा दगड मोजायला उठलो. त्या दुपारी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते मला तेव्हा सुचलं नाही, पुढेही सुचलं नाही.

काम संपलं. पहिला पावसाळा उत्तम गेला. पाणी चरातून चालत गेलं, पळालं नाही. तात्या भरपावसात डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन यायचे, हद्दीच्या पांढऱ्या दगडापाशी उभे राहून "येऊ का?" विचारायचे आणि मग वर चढायचे. दर वेळी विचारायचे. खिशात भाताचा तूस असे. वरच्या टप्प्यावर चिमूटभर तूस पाण्यात टाकायचा आणि तो कुठून कसा जातो ते बघत खाली उतरायचं, ही त्यांची तपासणी. तूस चरातून खाली नालीत पडला की समाधानानं म्हणायचे, "गेला घरी."

दुसऱ्या उन्हाळ्यात झाडं सुकायला लागली. नळाला एक दिवसाआड पाणी. सुनंदा दोन दोन बादल्या ओतायची आणि ते पाणी त्या एक इंचाच्या उतारावरून नेमानं चराकडे निघून जायचं. मला ते बघवेना. मी मूळचा पेणकडचा, आमचं भाताचं घर. सपाट जमिनीला कड नसली तर आमच्या हाताला चैन पडत नाही. मी आठ दिवस पहाटे उठून तिन्ही टप्प्यांना चारी बाजूंनी मातीची चार इंच उंच कड घातली. माती भिजवून, मळून, हातानं लिंपून, माझ्या वडिलांनी शिकवली तशी. आडव्या रेषेत कुठे बोटाचाही फरक नव्हता. पाणी टप्प्यात थांबायला लागलं. मिरच्या आठवड्यात टवटवीत झाल्या.

तात्यांनी पांढऱ्या दगडापाशी उभं राहून पाहिलं. "येऊ का?" म्हणाले आणि वर आले. कडेवरून हात फिरवला.

"हात चांगला हाय. बापाचा?"

"हो."

"भाताला एक नंबर." मग म्हणाले, "मे संपायच्या आत फोडा, मोजणीवाले. ही बाग हाय, खाचर न्हाय. हितं पानी ठेवायचं न्हाय."

मी फोडणार होतो. मी पावसाच्या तारखांची वही ठेवतो. त्यात बघून मी पंचवीस मेनंतरचा रविवार मनाशी धरला. सरासरीनं पुष्कळ दिवस हातात होते.

त्या वर्षी पाऊस माझ्या वहीप्रमाणे आला नाही. मेच्या मध्याला, एका मंगळवारी दुपारी, दोन तास जोराचा वळीव पडला. संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर तात्या दगडापाशी उभेच होते. "येऊ का?"

आम्ही तिन्ही टप्पे बघितले. प्रत्येकात चार इंच पाणी. चर कोरडा ठणठणीत. त्यांनी खालच्या टप्प्यातल्या पाण्यात तूस टाकला. तो तिथेच गोल फिरू लागला. "बगा, वाट शोधतंय," ते म्हणाले. थोड्या वेळानं तूस हळूहळू गडग्याच्या कोपऱ्याकडे सरकला, तिथे एक बारीक भोवरा धरला आणि खाली दिसेनासा झाला.

"कुठे गेला?"

"उंदराचं बीळ, न्हायतर कुजलेलं मूळ. भेटंल."

तासाभरानं ते परत आले. मूठ उघडून दाखवली. तळहातावर तीन ओले तूस. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीच्या पायाशी पाणी पाझरत होतं, तिथे सापडलेले.

"उद्या पहाटे मला निघायचंय, तात्या," मी म्हणालो. "चार दिवस म्हसळ्याकडे मोजणी आहे, मुक्काम तिकडेच. शनिवारी रात्री येतो. रविवारी सकाळी पहिलं काम हेच."

ते तळहाताकडे बघत राहिले. "रविवार," म्हणाले.

"अजून पावसाळा लागायला अवकाश आहे."

"व्हय," ते म्हणाले आणि तूस झटकून खाली उतरले.

तेव्हा अंधार पडला नव्हता. कुदळ पडवीतच होती. कडा फोडायला आम्हा दोघांना मिळून अर्धा तास लागला असता, मला एकट्याला तासभर. मी हा हिशोब नंतर केला. त्या संध्याकाळी मी दमलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्या कडा इतक्यात मोडवत नव्हत्या.

बुधवारी सुनंदा तिच्या आईकडे पालीला गेली. घराला कुलूप. गुरुवारी सकाळपासून पाऊस धरला तो सुटेना. मी म्हसळ्याच्या पलीकडे एका वाडीत होतो. तिकडेही पाऊस होता, म्हणून आम्ही शाळेच्या पडवीत जुने नकाशे पसरून बसलो होतो. फोन पिशवीत आणि पिशवी जीपमध्ये. दुपारी बाराला पिशवी उघडली. अकरा मिस कॉल होते, सगळे तात्यांचे. पहिला आठ दहाचा. शेवटचा दहा चाळीसचा. मी उलट लावला, लागला नाही.

संध्याकाळी पोचलो. खालचा गडगा कोपऱ्यापासून बारा फूट फुटून गेला होता. त्यातले दगड, सोडणं, माती आणि माझ्या मिरच्या तात्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून आत चुलीपर्यंत गेल्या होत्या. आढं वाकलं होतं, अर्धी कौलं खाली. वरच्या दोन टप्प्यांत पाणी अजून भरलेलं होतं. तिथली माझी कड कुठेही फुटलेली नव्हती.

कोणाला लागलं नव्हतं. तात्यांनी नऊ वाजताच शांताकाकूंना कपड्यांचं बोचकं देऊन विहारात नेऊन बसवलं होतं. "तिथं कोरडं हाय," म्हणाले होते, आणि स्वतः परत गेले होते.

मी विहारात गेलो. शांताकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तात्या दारात, पायरीवर. मी काय बोललो ते आठवत नाही. काकूंनीच मला सांगितलं, "मी ह्यांच्या मागनं गेले व्हते बगायला. तुमच्या त्या पांढऱ्या दगडापाशी हुभे. कुदळ खांद्यावर. फोन लावत व्हते, ठेवत व्हते. दोनदा कुदळ उचलली. दोनदा खाली ठेवली."

मी तात्यांकडे वळलो. "का नाही फोडलीत? चार इंच माती होती हो!"

ते पावसाकडे बघत होते. म्हणाले, "तुमची व्हती."

दोन दिवसांनी पंचनामा झाला. तलाठी तरुण होते, कामसू होते. पडलेल्या भिंतीपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "नुकसानीचं कारण?" आणि स्वतःच लिहू लागले, "अतिवृष्टी."

मी म्हणालो, "एक मिनिट. वरच्या टप्प्यांवर मी ज्या कडा—"

"मोजणीवाले," तात्या मध्येच म्हणाले. आवाज चढवला नाही. "गप ऱ्हावा. आज तुमची मोजणी न्हाय."

"पण कारण चुकीचं लिहिलं जातंय, तात्या."

"पाऊस पडला का न्हाय?"

"पडला."

"मंग लिवू द्या." मग माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमचं नाव लिवलं तर मला काय भेटंल? तुमी कोर्टात, मी कोर्टात. पावसाचं नाव लिवलं तर छपराला पत्रं तरी येतील."

तलाठ्यांनी शेजारी म्हणून पंचाची सही माझीच घेतली. सव्वीस वर्षांत मी लोकांची बोलणी खाल्ली, धमक्या ऐकल्या, वाटणीतल्या एका भावानं तर टेपच ओढून घेतला होता, पण कागदावर इंचाचाही फरक केला नाही. त्या कागदावर 'अतिवृष्टी' या शब्दाखाली माझी सही आहे. तो शब्द खोटा नाही. पूर्ण खराही नाही. अशा शब्दाखाली सही करणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली.

मी भिंत बांधून देतो म्हणालो. पूर्ण, पक्की, माझ्या खर्चानं, कर्ज काढून. तात्या पडवीत बसून मोडक्या कौलांतली चांगली कौलं वेगळी करत होते. म्हणाले, "द्याल वो तुमी. घर बांधून द्याल. त्यात झोप कुठनं आनाल?"

त्यांचा मुलगा पनवेलजवळ राहतो, ट्रान्सपोर्टच्या कंपनीत आहे. तो आला आणि दोघांना घेऊन जायचं ठरलं. माझ्याशी तो नीट बोलला, चहाही घेतला. त्याला काही माहीत नव्हतं. तात्यांनी त्यालाही पाऊसच सांगितला होता.

मधल्या दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला फार छळते. तात्या विहारातून घराकडे येताना रस्त्याच्या नालीवरून यायचे. नालीत पालापाचोळा होता, प्लास्टिक होतं. ते त्यावरून सरळ ओलांडून जायचे. चप्पल पायातच.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना वर बोलावलं. सगळ्या कडा मी पंचनाम्याच्या दिवशीच सपाट केल्या होत्या. वाटलं, दाखवावं. ते पांढऱ्या दगडापाशी आले आणि थांबले. "येऊ का?"

मी म्हणालो, "तात्या, विचारू नका. कधीही या. काहीही फोडा. तुम्हाला इथं विचारायचं कारण नाही." हेच ते वाक्य होतं. वर्षभर उशिरा.

ते वर आले नाहीत. तिथूनच टप्प्यांकडे नजर फिरवली. "आता बरोबर हाय," म्हणाले, आणि परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्लीच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. पावसाची उघडीप होती. स्टँडच्या नालीत पाणी साचलं होतं. एक बोचकं, दोन पिशव्या आणि फडक्यात गुंडाळलेली कुदळ. कुदळ कशाला, तिथं चौथ्या मजल्यावर काय खणणार, असं मुलगा म्हणत होता. शेवटी ती त्यानं माझ्या हातात दिली. तात्यांनी नुसतं बघितलं.

गाडी लागली. शांताकाकू आधी चढल्या. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "ताईला सांगा, मिरचीचं बी ठेवा माझ्यासाठी." मागून तात्या चढले, शेवटी सामान घेऊन मुलगा. गाडी जवळजवळ रिकामी होती. कंडक्टर जुन्या ओळखीचा, त्यानं हाक मारली, "ओ तात्या, तुमची सीट ठेवलीय बगा! डोंगराकडची!"

तात्यांनी त्या बाकाकडे पाहिलं. मग काकूंच्या शेजारी, दरीकडच्या बाजूला, आतल्या कडेला बसले. काकूंनी खिडकी उघडली. वारा आला असावा, कारण तात्यांनी डोळे मिटून घेतले.

मी हात वर केला. ते माझ्याकडे बघत नव्हते. गाडी वळून घाटाच्या रस्त्याला लागली. दिसेनाशी होईपर्यंत मी कुदळ घेऊन तिथेच उभा होतो. डोंगराकडच्या खिडकीशी शेवटपर्यंत कोणी नव्हतं.